मालगुजारी तलाव आणि पट्टाकाराचे दायित्व

भाड्याने दिलेली वस्तू सदोष निघाल्यास तिच्या दोषाचा भार कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला भारतीय कायद्याने वस्तूच्या जातीनुसार दोन भिन्न उत्तरे दिलेली आहेत. १८७२ च्या करार अधिनियमाचे १५० वे कलम जंगम वस्तूंपुरते आहे. भाडे घेऊन दिलेल्या वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्यास इजा पोहोचली, तर तो दोष मालकास ठाऊक असो वा नसो, भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे हे कलम सांगते. अधिनियमातील उदाहरणही सुबोध आहे. भाड्याने दिलेली गाडी मोडकळीस आलेली होती हे गाडीमालकास माहीत नसले, तरी प्रवाशाच्या दुखापतीतून त्याची सुटका नाही. त्यानंतर दहाच वर्षांनी आलेल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचा सूर मात्र निराळा आहे. त्याच्या १०८ व्या कलमानुसार स्थावराचा पट्टा देणाऱ्याने आपणास ठाऊक असलेला आणि पट्टेदारास सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगावा, कबजा द्यावा आणि पट्टेदाराच्या उपभोगात व्यत्यय येऊ देऊ नये, एवढेच अपेक्षित आहे. दुरुस्तीचे बंधन त्याच्यावर आपोआप येत नाही. ते अन्यत्र कोठून तरी सिद्ध व्हावे लागते. तसे ते सिद्ध झाले आणि सूचना देऊनही पट्टाकाराने हयगय केली, तरच पट्टेदाराने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी तरतूद आहे.

शेतजमिनीच्या बाबतीत तर एवढाही आधार नाही. याच अधिनियमाचे ११७ वे कलम शेतीसाठी दिलेले पट्टे या प्रकरणातून वगळते. राज्यशासनाने अधिसूचना काढून तरतुदी लागू केल्या तरच त्या लागू होतात. अर्थात देशातील बहुसंख्य पट्टेदार, म्हणजे कुळे, ज्या संबंधात जगत होती त्या संबंधातील पट्टाकाराचे दायित्व या सुप्रसिद्ध अधिनियमात शोधणे व्यर्थ आहे. ते कुळकायद्यांत, जमाबंदीच्या कागदपत्रांत आणि गावच्या रूढीत शोधावे लागते. भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलावांचा इतिहास या शोधासाठी विशेष उपयुक्त आहे. तेथे पट्ट्याने दिलेल्या वस्तूचे मोल जमिनीपेक्षा तिला मिळणाऱ्या पाण्यात अधिक होते, आणि ते पाणी पट्टाकाराच्या ताब्यात होते.

भंडारा जिल्हा म्हणजे येथे १ मे १९९९ पूर्वीचा, आजच्या गोंदिया जिल्ह्यासह असलेला जिल्हा अभिप्रेत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा. पाऊस भरपूर पडतो, परंतु तो वेळेवर थांबतो. आवत्या पद्धतीने फेकून पेरलेला हलका धान पावसावर निघून जातो. परे लावून रोवलेला भारी धान मात्र लोंबी भरण्याच्या दिवसांत, पाऊस परतल्यानंतर, एकदोन पाणी मागतो. हे पाणी मिळाले तर पीक, न मिळाले तर तणीस. या एका गरजेतून जिल्ह्यात हजारो लहानमोठे तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. तलाव बांधण्याचे कसब विशेषेकरून कोहळी समाजाकडे होते. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना येथे आणून वसविले आणि तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन बहाल केली, अशी परंपरा सांगितली जाते. नवेगाव, सिरेगाव, शिवणी येथील विस्तीर्ण बांध त्यांच्याच नावे आहेत. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातला, हे तर तेथील लहान मुलासही ठाऊक असते. भोवतीच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाला कोलासूर म्हणून देवत्व मिळाले आहे. बांध घालणाऱ्याचे दैवत होणे ही गोष्ट कायद्याच्या इतिहासात नोंदण्यासारखी वाटणार नाही. पण पाण्यावरील हक्क आणि पाळीच्या रक्षणाचे कर्तव्य या दोहोंकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत होते, याची ती साक्ष आहे.

भोसल्यांच्या राज्यात पाटील हा जमिनीचा मालक नव्हता. रिचर्ड जेन्किन्स याच्या १८२७ च्या नागपूर राज्यावरील अहवालात दिसणारा पाटील हा गावचा वसूल ठरवून घेणारा, लागवड वाढविणारा आणि त्याबद्दल वसुलातील वाटा राखणारा व्यवस्थापक आहे. तो सरकारकडून पट्टा घेई. म्हणजे आधुनिक परिभाषेत तो स्वतःच पट्टेदार होता. तलाव दुरुस्त ठेवणे हे त्याच्या हिताचे होते, कारण तलाव फुटला तर लागवड घटणार आणि ठरलेला वसूल त्याच्या अंगावर येणार. या अवस्थेत कुळाप्रत त्याचे दायित्व असा स्वतंत्र प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला तो नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य ब्रिटिश मुलुखास जोडले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत जमाबंदीचे मोठे काम हाती घेण्यात आले. भंडारा जिल्ह्याच्या जमाबंदीवरील लॉरेन्स यांचा अहवाल १८६७ चा आहे. या जमाबंदीने पाटलांना गावाची मालकी देऊन टाकली. कालचा वसूलदार आज मालगुजार झाला, आणि पिढ्यान्पिढ्या जमीन कसणारा शेतकरी त्याचे कूळ ठरला. ज्यांचे हक्क फारच उघड होते त्यांना मलिक-मकबुजा म्हणून आपल्या तुकड्यापुरते मालक मानण्यात आले. इतरांचे मौरूसी आणि साधी कुळे असे वर्ग पडले. गावचे जंगल, गावठाण, पडीत आणि तलाव मालगुजाराच्या मालकीत आले. एका लेखणीच्या फटक्याने पट्टेदाराचा पट्टाकार झाला.

या परिवर्तनाची नोंद इतिहासग्रंथांतून पुष्कळ झाली आहे. तितके लक्ष न गेलेली गोष्ट अशी की, मालकी देताना सरकारने तिच्यावरचा बोजाही लिहून ठेवला. हा बोजा ज्या कागदात लिहिला गेला त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. शब्दशः, जे निवेदन करण्यास योग्य ते. १८८१ आणि १९१७ च्या जमीन महसूल कायद्यांनी त्याला वैधानिक स्थान दिले. चराई, जळाऊ लाकूड, वहिवाटीचे रस्ते, गावनोकरांचे हक्क आणि तलावाचे पाणी यांसंबंधी गावात चालत आलेली रूढी त्यात गावनिहाय नोंदविली जाई. हा करार नव्हता. मालगुजाराने कुळाला लिहून दिलेला पट्टाही नव्हता. जमाबंदी अधिकाऱ्याने गावकऱ्यांना विचारून लिहून घेतलेली ती वस्तुस्थिती होती. म्हणूनच एखाद्या कुळाची जमीन नंतर दुसऱ्याकडे गेली किंवा मालगुजारी विकली गेली, तरी ती नोंद कोणा व्यक्तीला चिकटलेली नसून गावाला चिकटलेली राही.

तिच्याबरोबर खंडाचाही विचार केला पाहिजे. मध्य प्रांताचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे सरकारने मालगुजाराचा सारा तर ठरविलाच, पण जमाबंदीच्या वेळी कुळाने मालगुजाराला द्यावयाचा खंडही ठरविला. १८८३, १८९८ आणि १९२० च्या कुळकायद्यांतून ही पद्धत क्रमाने दृढ होत गेली. जमिनीची प्रतवारी करताना मातीचा पोत, बांधीतील स्थान आणि पाण्याची सोय या तिन्हींचा विचार होई. तलावाखालील धानाच्या बांध्यांची प्रत वरची धरली जाई आणि त्या प्रमाणात खंड चढे. येथेच पट्टाकाराच्या दायित्वाचा खरा पाया सापडतो. ज्या बांधीचा खंड पाणी गृहीत धरून ठरविला, त्या बांधीला पाणी मिळणे हे मालगुजाराच्या मर्जीचे दान राहत नाही. त्याचे मोल कूळ दरसाल मोजून देत असते. पाणी अडविणारा मालगुजार कुळाची शिवी खात असे ते केवळ निष्ठुरपणाबद्दल नव्हे. घेतलेल्या पैशाचा माल तो देत नव्हता.

मात्र पाणी सोडणे हे एक आणि तलाव सुस्थितीत ठेवणे हे दुसरे. पहिल्याविषयी रूढी सामान्यतः स्पष्ट होती. खरा वादाचा मुद्दा दुसरा. पाळीला भगदाड पडले, मोरी गाळाने बुजली किंवा सांडवा वाहून गेला, तर खर्च कोणाचा? गावोगावी व्यवहार असा दिसतो की, मालगुजाराने साहित्य व देखरेख पुरवावी आणि पाणी घेणाऱ्या कुळांनी पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकण्याचे श्रम द्यावेत. या श्रमाला काही ठिकाणी वेठीचे रूप आले, हेही खरे. पण मालगुजाराच्या शेतावरील वेठ आणि स्वतःला पाणी देणाऱ्या तलावावरील वेठ यांत शेतकरी भेद करीत असे, आणि तो भेद करणे न्याय्यही होते.

या व्यवहाराला कायद्याची कोणती संज्ञा लावावी, यावर सर्व काही अवलंबून होते. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम प्रारंभी ज्या थोड्या प्रदेशांत लागू झाला त्यांत मद्रास आणि कूर्ग यांच्या जोडीला मध्य प्रांत होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ पर्यंत लागू नव्हता. तेव्हा कुळाच्या पाणी घेण्याच्या हक्काला सुविधाधिकार म्हणण्याचा मोह वकिलांना होणे साहजिक होते. पण ही संज्ञा कुळाच्या अंगाशी येणारी होती. अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार सुविधाधिकाराच्या उपभोगासाठी किंवा जतनासाठी लागणारी बांधकामे व दुरुस्त्या यांचा खर्च ज्याला तो अधिकार मिळतो त्यानेच सोसावयाचा असतो. ज्याच्या जमिनीवर अधिकार चालतो त्याने केवळ आड येऊ नये. स्वतः काही करण्याचे बंधन त्याच्यावर नसते. कुळाचा हक्क सुविधाधिकार ठरला की मालगुजाराचे दुरुस्तीचे दायित्व संपले. उलट, तोच हक्क पट्ट्याचा अंगभूत भाग किंवा गावची रूढी मानला, तर रूढीने मालगुजारावर टाकलेला वाटा कायम राहतो. उक्त अधिनियमाने सुविधाधिकार नसलेल्या रूढिजन्य हक्कांना हात लावलेला नाही, ही गोष्ट या संदर्भात कळीची आहे. वाजिब-उल-अर्जातील नोंदीचे महत्त्व तिच्यामुळे वाढते. जो हक्क नावाने सुविधाधिकारासारखा दिसतो, त्याला ही नोंद निराळ्या कुळीचा ठरविते.

तलावधारकाच्या कर्तव्याचा विचार प्रिव्ही कौन्सिलपुढे मात्र वेगळ्याच वाटेने आला. मद्रास इलाख्यातील कार्वेतीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटले आणि त्यांच्या पाण्याने मद्रास रेल्वे कंपनीच्या बांधकामांची हानी झाली. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असा सिद्धांत प्रस्थापित झाला होता की, आपल्या जमिनीवर धोकादायक पदार्थ साठविणाऱ्याने तो निसटल्यास, निष्काळजीपणा नसतानाही, हानी भरून दिली पाहिजे. तो खटलाही साठवलेल्या पाण्याचाच होता. रेल्वे कंपनीने याच सिद्धांताचा आधार घेतला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो अमान्य केला. इंग्लंडातील गिरणीमालक स्वतःच्या सोयीसाठी पाणी साठवतो. हिंदुस्थानातील तलाव पुरातन काळापासून लोकांच्या उपजीविकेचा आधार असून ते बुजवून टाकण्याची जमीनदाराला मुभा नाही, त्यांचे जतन व दुरुस्ती करणे हे त्याचे कर्तव्य आहे, अशी विचारसरणी निर्णयामागे आहे. ज्याला तलाव ठेवणे भागच आहे, त्याच्यावर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज दायित्व लादता येत नाही.

हा निर्णय बहुधा जमीनदाराच्या बचावाचा म्हणून उद्धृत केला जातो. त्यातील दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. त्रयस्थाविरुद्ध जमीनदाराला मिळालेले संरक्षण हे त्याच्या तलाव राखण्याच्या कर्तव्यावर उभे आहे. कर्तव्य नाकारणाऱ्याला हे संरक्षण मागता येत नाही. भंडाऱ्याचा मालगुजार मद्रासच्या जमीनदाराहून वेगळ्या जमाबंदीचा असला, तरी त्याच्या तलावाचे स्वरूप तेच होते आणि हा युक्तिवाद त्याला पुरेपूर लागू पडतो.

असे असूनही मालगुजाराला कुळांनी तलावाच्या दुरुस्तीसाठी न्यायालयात खेचणे हा काही जिल्ह्याचा नित्यक्रम नव्हता. याचे कारण कायद्यात नाही, शिवारात आहे. मालगुजाराची सीर आणि खुदकास्त जमीन बहुधा त्याच तलावाखाली, किंबहुना पाळीच्या अगदी पायथ्याशी, पहिल्या पाण्याच्या बांध्यांत असे. तलाव फुटला तर सर्वांआधी त्याचा भारी धान आणि त्याचा ऊस जाई. तलावातील मासळी आणि शिंगाडा यांचे उत्पन्नही त्याचे. दायित्व आणि स्वार्थ एकाच पाळीवर उभे असल्याने दायित्वाची परीक्षा घेण्याचे प्रसंग कमी आले. ते आले ते मुख्यतः दोन परिस्थितींत. मालगुजारी गावाबाहेरच्या सावकाराच्या हातात गेली, तेव्हा नव्या मालकाला तलाव म्हणजे केवळ खंडाच्या वहीतील एक आकडा होता. दुसरी परिस्थिती तलावाचे पोट कसण्याची. पाणी लवकर सोडून देऊन गाळाच्या सुपीक जमिनीत पीक घेणे मालगुजाराला फायद्याचे वाटू लागले, की खालच्या कुळांच्या पाण्यावर गदा येई.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी धानाच्या मुलुखाची झोप उडविली. १९०१–०३ च्या सिंचन आयोगानंतर मध्य प्रांताच्या सरकारने स्वतः मोठे तलाव बांधण्यास आरंभ केला. चोरखमारा, बोदलकसा, खैरबंदा, चांदपूर ही भंडाऱ्यातील नावे त्या काळातली. या सरकारी तलावांनी नवीनच प्रकारचा पाणी देणारा निर्माण केला. तो पाण्याचा निराळा दर आकारी आणि जमिनीच्या खंडाशी त्याचा संबंध नसे. एकाच शिवारात एका शेतकऱ्याचे पाणी खंडात आणि शेजाऱ्याचे पाणीपट्टीत, असे चित्र दिसू लागले. १९३१ च्या मध्य प्रांत सिंचन अधिनियमाने नद्या, नैसर्गिक प्रवाह व नैसर्गिक जलसंचय यांतील पाण्यावर सरकारचा हक्क घोषित केला. बांधलेले खाजगी तलाव नैसर्गिक जलसंचयात मोडत नसल्याने त्यांच्या जुन्या व्यवस्थेला तेव्हा धक्का लागला नाही.

तो लागला तो १९५१ मध्ये. मध्य प्रदेश विधिमंडळाने मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा अधिनियम केला आणि ३१ मार्च १९५१ पासून महाल, जमीनदाऱ्या व दुमाला जमिनींवरील मालकांचे हक्क राज्याकडे आले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निर्णयात अधिनियम वैध ठरविला. त्याच्या चौथ्या कलमात राज्याकडे जाणाऱ्या वस्तूंची जी यादी आहे तीत जंगल, झाडे, मासेमारी, विहिरी यांच्याबरोबर तलाव, तळी आणि पाण्याचे पाट स्पष्टपणे येतात. पाचव्या कलमात मात्र काही तलाव या तडाख्यातून वाचविले आहेत. व्याप्त जमिनीतील तलाव धारकाकडे राहिले. गावठाण व व्याप्त जमीन यांबाहेरच्या तलावांपैकी ज्यात मावळत्या मालकाखेरीज दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नाही, तेही त्याच्याकडेच राहिले. ज्यांच्या पोटात लागवड होती त्यांच्यासाठीही निराळी सवलत होती.

सिंचनहक्काविषयीची ही तरतूद बारकाईने वाचण्याजोगी आहे. जो हक्क ऐंशी वर्षे मालगुजाराच्या मालकीवरील एक बोजा म्हणून वावरला, तोच आता मालकी ठरविणारा निकष बनला. कुळांचा पाण्यावर हक्क असेल तर तलाव राज्याचा. नसेल तर मालगुजाराचा. त्यामुळे १९५१ नंतर दोन्ही पक्षांच्या भूमिका उलटल्या. ज्या मालगुजाराने आपल्या औदार्याची साक्ष म्हणून तलावाचे पाणी साऱ्या गावाला मिळते असे वाजिब-उल-अर्जात आनंदाने लिहू दिले होते, त्याच्या हातून तलाव गेला. ज्याने पाणी केवळ परवानगीने देतो, हक्काने नव्हे, असे पूर्वीपासून म्हटले, त्याला तलाव राखण्यास जागा मिळाली. कायदा करणाऱ्यांचा हेतू उलटाच होता, यात शंका नाही. गावाचे पाणी गावासाठी सोडवावे हाच तो हेतू. परंतु जुन्या दायित्वाची प्रामाणिक कबुली देणाऱ्यालाच त्याची अधिक किंमत पडली, ही या व्यवस्थेतील विसंगती नजरेआड करता येत नाही.

पट्टाकाराची इस्टेट राज्याकडे गेली, तर त्याने दिलेल्या पट्ट्यांचे आणि त्याच्या दायित्वाचे काय होते, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या नावाने तो १९५८ मध्ये निकालात निघाला. पंढरपूर जमीनदारीच्या मालकाने २६ एप्रिल १९४८ रोजी आपल्या पत्नीस जंगलातून बांबू, जळाऊ लाकूड व सागवान तोडून नेण्याचा हक्क २६,००० रुपये मोबदल्यात लिहून दिला होता. मुदत २६ डिसेंबर १९६० पर्यंत होती. दस्ताला पट्टा असे नाव होते, परंतु त्याची नोंदणी झालेली नव्हती. जमीनदारी नष्ट झाल्यावर तोड थांबविण्यात आली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये भंडाऱ्याच्या डेप्युटी कमिशनरांनी परवानगी दिली, तोड पुन्हा सुरू झाली, आणि वनखात्याने हस्तक्षेप करून तोडलेला माल जप्त केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. म्हणून प्रतिवादी मुंबई राज्य.

न्यायालयापुढचा पेच असा होता की, हा दस्त म्हणजे नेमके काय. तो स्थावरातील हितसंबंध देणारा असेल, तर शंभर रुपयांवरील स्थावराच्या दस्ताला नोंदणी आवश्यक. ती नसल्याने कोणताच हक्क निर्माण झाला नाही. तो केवळ करार असेल, तर राज्य त्या कराराचा पक्ष नाही आणि त्याने बांधलेही जात नाही. दोन्ही वाटांनी अर्ज फेटाळला गेला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वतंत्र निकालपत्रात झाड आणि तोडीचे लाकूड यांतील सीमारेषा आखली. लवकरच तोडून न्यावयाची झाडे जंगम. जी वर्षानुवर्षे जमिनीतून पोषण घेत वाढू द्यावयाची आहेत ती स्थावर. बारा वर्षांहून अधिक मुदतीचा हक्क साहजिकच दुसऱ्या वर्गात गेला. बोस मूळचे नागपूर उच्च न्यायालयाचे. विदर्भाच्या जंगलाचा हा व्यवहार त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसावा.

या निर्णयाचा तर्क पट्टाकाराच्या दायित्वाच्या दृष्टीने वाचला, तर निष्कर्ष असा निघतो की, लेखी करारातून आलेले दायित्व पट्टाकाराच्या व्यक्तीशी बांधलेले असते आणि इस्टेट राज्याकडे गेल्यावर ते मागे, त्याच्याच अंगावर उरते. राज्याला मालमत्ता मिळते, वचने मिळत नाहीत. वनाचा ठेका घेतलेल्याला हे समजू शकते. दाद मागण्यास समोर एक माणूस तरी आहे. पण तलावाखालच्या कुळाने हेच सूत्र आपल्याला लावून पाहावे! त्याचा हक्क कोणत्याही दस्तात नव्हता, म्हणून नोंदणीचा प्रश्न नव्हता. त्याचा कोणाशी करार नव्हता, म्हणून कराराच्या पक्षाचा प्रश्न नव्हता. चौथ्या कलमाने संपुष्टात आणले ते मालकाचे हक्क, कुळाचे नव्हेत. तेव्हा रूढीने पाण्याला चिकटलेला हक्क पाण्याबरोबरच राज्याकडे गेला असे म्हटल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि हक्क गेला तर त्याची दुसरी बाजू, म्हणजे पाळ राखण्याचे कर्तव्य, हेही गेले पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या खंडातच पाण्याचे मोल धरलेले होते, त्याच्याकडून नव्या मालकाने निराळी पाणीपट्टी कोणत्या तत्त्वावर मागावी, हा प्रश्न याच तर्काचा पुढचा भाग होय.

प्रत्यक्षात काय घडले? जमिनीपुरता पट्टाकार हा वर्गच पुढे मावळला. १९५८ च्या विदर्भ कुळवहिवाट अधिनियमाने १ एप्रिल १९६१ पासून कसणाऱ्या कुळांकडे मालकी जाण्याची व्यवस्था केली. तलावापुरते मात्र राज्य हे पट्टाकाराच्या जागी आले, आणि ते अशा प्रकारचे पट्टाकार होते की ज्याची स्वतःची एकही बांधी त्या पाण्याखाली नव्हती. मालगुजाराच्या दायित्वामागे त्याचा भारी धान उभा होता. खात्याच्या दायित्वामागे अंदाजपत्रकातील तरतूद उभी असते. ती आली तर दुरुस्ती, नाही तर पुढील वर्ष. शेतकऱ्यांच्या श्रमाची रूढीही याच सुमारास सुटली. मालक सरकार झाल्यावर पाळीवर माती आपण का टाकावी, असे शेतकऱ्याला वाटू लागले, आणि त्यात गैर काही नव्हते. पूर्व विदर्भात अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगितली जाते. त्यांपैकी पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले आहेत.

नोंदीचे जे झाले ते याहून चमत्कारिक. मध्य प्रांताच्या जुन्या कायद्यांतील वाजिब-उल-अर्ज १९५५ मध्ये अमलात आलेल्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेच्या काळातून पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आले. या संहितेचे १६५ वे कलम जिल्हाधिकाऱ्याला प्रत्येक गावातील सिंचन, वहिवाट व मासेमारी यांविषयीच्या रूढी नोंदविण्यास सांगते, आणि नोंदीने बाधित झालेल्या व्यक्तीस एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावण्याची मुभा देते. परंतु ही नोंद राज्यशासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या वा व्यवस्थापनाखालच्या जमिनीविषयी किंवा पाण्याविषयी करावयाची नाही, अशी मर्यादा त्याच कलमात आहे. जे तलाव सिंचनहक्क होते म्हणूनच राज्याकडे आले, त्यांतील सिंचनहक्क नोंदविण्यास वाजिब-उल-अर्जात जागा राहिली नाही. सरकारी व्याप्त नसलेल्या जमिनीसाठी १६१ व १६२ या कलमांखाली निस्तारपत्रक आहे. पण त्यातील विषयांची यादी चराई, लाकूड, जळण, मुरूम, वाळू, माती अशी चालते, आणि तलावाचे पाणी तीत नाव घेऊन येत नाही. एका कागदातून हक्क बाहेर पडला आणि दुसऱ्यात शिरला नाही. त्यामुळे आजही एखाद्या गावात पाण्याचा वाद उभा राहिला, की शेतकरी नव्या कागदांकडे न वळता अभिलेखागारातून मालगुजारीच्या काळातील वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढून आणतो.

लहान तलावांचे व्यवस्थापन कालांतराने जिल्हा परिषदेकडे गेले. ती आता मासेमारीसाठी ढिवरांच्या सहकारी संस्थांना तलाव पट्ट्याने देते. या पट्ट्यात पाण्याची पातळी कोठपर्यंत राखली जाईल, याचे दायित्व कोणाचे असा प्रश्न पुन्हा येतो. धानाला शेवटचे पाणी सोडले की मासळीचे पाणी कमी होते. शेतकऱ्याचा हक्क जुन्या रूढीचा, ढिवराचा हक्क चालू पट्ट्याचा, आणि दोघांच्या मधे मोरीची किल्ली हाती असलेला पट्टाकार.